शितावरून भात

आमच्या लहानपणी आवाज फुकट मिळायचे. बोळातून कल्हईवाला जायचा, तो ‘कल्हाऽऽईय’ अशी जी तान मारायचा तिचे पैसे घेत नसे. पैसे कल्हईचे. बोहारणीची हाक, भंगारवाल्याचा खर्ज, गारेगारवाल्याची घंटा, ही सगळी मंडळी आवाज फुकट वाटायची आणि माल विकायची. रेडिओवरच्या श्रुतिकेत घोडे दौडायचे ते नारळाच्या करवंट्यांवर. नाटकात वीज कडाडायची ती विंगेत कुणीतरी पत्रा हलवायचा म्हणून. पत्रा भाड्याचा असेलही, पण कडकडाटाचं वेगळं बिल कुणी लावल्याचं ऐकिवात नाही.

आता नेमकं उलट झालंय. माल बाजूला राहिला, नुसता आवाज विकला जातो. त्याला गाणं म्हणावं असंही काही नसतं. एक ‘धुम्’, एक ‘टण्’, एक ‘खर्र’. असे दोनशे-चारशे आवाज एका पाकिटात घालायचे, पाकिटाला झकास नाव द्यायचं, आणि दुकान मांडायचं. पाकीटही दिसत नाही आणि दुकानही दिसत नाही. दिसतात ते फक्त डॉलर, आणि तेसुद्धा ज्याचे त्यालाच. ह्या मालाला इंग्रजीत सॅम्पल म्हणतात. आपल्याकडे ‘वानगी’ असा गोड शब्द आहे. वाण्याच्या दुकानात पोत्यातले मूठभर गहू तळहातावर घेऊन पाहतात ती वानगी. भाताच्या बाबतीत आपण त्याहून काटकसरी, एका शितावर भागवतो. फरक एवढाच, की आपण शितावरून भाताची परीक्षा करायचो. ह्या नव्या धंद्यात त्या एका शितापासून सगळ्या पंगतीचा भात करतात. आणि मग ते शीत मुळात कुणाच्या पातेल्यातलं, ह्यावरून कोर्टात जातात.

मला ह्या विषयाची गोडी लागली ती आमच्या भाच्यामुळे. हा मुलगा इंजिनिअर झाला, दोन वर्षं नोकरी केली आणि एके दिवशी डोंबिवलीच्या घरातली आतली खोली गाद्या-गोधड्यांनी मढवून तीत जाऊन बसला. तेव्हापासून तो आवाज बनवतो आणि विकतो. लग्नाच्या बाजारात ताई ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं सांगते. हे खोटं नाही. पण ‘खोबरेल तेलात आहे’ म्हटल्यावर तो कारखानदार की वडेवाला हे जसं कळत नाही, तसंच ह्याचंही.

एकदा मी गेलो तर आमची मातुःश्री त्या खोलीत पाटावर बसलेली, पुढ्यात तिचा पितळी खलबत्ता, आणि खलबत्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मायक्रोफोन. लता मंगेशकरांनाही एकच पुरत असे.

“आजी, अजून एकदा. आता हळू.”

“अरे, वेलदोडे कधीच कुटून झाले!”

“वेलदोडे नकोत, नुसता बत्ता आपट. मामा, तुम्ही शिंकू नका हं.”

मला शिंक येतही नव्हती. ह्या सूचनेनंतर ती आली. ती शिंकही त्याने नंतर जपून ठेवली. म्हणाला, थोडी ताणली तर लढाईच्या सीनला चालेल.

आईने विचारलं, “हा आवाज घेतो कोण रे?” ह्याने सांगितलं, मागचं पाकीट फिनलंडमधल्या कुणीतरी घेतलं. आई विचारात पडली. म्हणाली, “मग त्या मेल्याला खलबत्ताच पाठवून दे ना. किती दिवस नुसत्या आवाजावर काढील?”

भाच्याने मला समजावलं ते थोडक्यात असं. आवाज मिळवायचे दोन मार्ग. एक म्हणजे जगात कुठेतरी वाजलेली गोष्ट टिपायची: खलबत्ता, कुकर, ढोलकी, मामाची शिंक. संगणक टिपतो म्हणजे काय करतो, तर ध्वनीच्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून आकडे लिहून ठेवतो. सीडीवरच्या गाण्यात हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा झालेलं असतं. आमच्या हापिसात महिन्याकाठी एक आकडा लिहिणारी माणसं होती, त्या मानाने हा उरक मोठाच. दुसरा मार्ग म्हणजे काहीही न वाजवता आवाज निव्वळ गणिताने जन्माला घालायचा. ते यंत्र म्हणजे सिंथेसायझर. आणि हल्ली यंत्रही नको, संगणकातली त्याची सावली पुरते. तिच्यात एक कच्ची लाट तयार होते, करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी. मग ती चाळणीतून गाळायची. कोंडा काढावा तसा वरचा कर्कशपणा निघून जातो. शेवटी तिचं आयुष्य ठरवायचं: देवळातल्या घंटेसारखी एकदम उसळून हळूहळू विरणार, की पेटीच्या सुरासारखी भाता चालेतो टिकणार. खुंट्या फिरवत बसायचं, आणि चांगलं काही हाती लागलं की ते टिपून पाकिटात घालायचं.

ह्या सगळ्याची मुळं पाहू गेलो तर ती संगणकाच्याही आधीची निघाली. कॅलिफोर्नियात हॅरी चेंबरलिन नावाचे गृहस्थ होते. १९४०च्या दशकात त्यांनी स्वतःच्या ऑर्गनवादनाचं टेपवर मुद्रण केलं आणि त्यांच्या मनात आलं, की टेपवरून माझं वाजवणं पुन्हा ऐकू येतं, तर त्या टेपलाच पट्ट्या लावून वाजवायला काय हरकत आहे? म्हणून त्यांनी असं वाद्य केलं, की प्रत्येक पट्टीखाली एकेक टेप. पट्टी दाबली की त्या टेपवर आधी मुद्रित केलेला खऱ्या वादकाचा खरा सूर सुरू. व्हायोलिनची पेटी, बासरीची पेटी! त्यांच्याकडे खिडक्या पुसायला येणारा बिल फ्रॅन्सन पुढे त्यांचाच विक्रेता झाला. तो १९६२ साली दोन वाद्यं घेऊन इंग्लंडला गेला, आणि बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंकडे एकसारखी सत्तर टेप-हेडं करून द्याल का म्हणून विचारू लागला. ब्रॅडली बंधूंनी यंत्र पाहिलं, त्यातल्या उणिवा पाहिल्या, आणि १९६३मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती स्वतःच बाजारात आणली. तिचं नाव मेलोट्रॉन. चेंबरलिनना हे उशिरा कळलं. पुढे पैसे देऊन तडजोड झाली. म्हणजे आवाज उचलण्याच्या धंद्याचं पहिलंच यंत्र उचललेलं होतं! शुभारंभच असा म्हटल्यावर पुढचं नवल काय करायचं?

मेलोट्रॉनची गंमत अशी, की टेप सुमारे आठ सेकंदांची. पट्टी दाबून धरली तर आठ सेकंदांनी व्हायोलिन गप्प. मग बोट उचलायचं, स्प्रिंगने टेप मागे जाणार, पुन्हा दाबायचं. आपल्याकडचे ख्यालिये त्या यंत्राला शेजारी फिरकू देते ना. पण बीटल्सनी १९६७ साली निघालेल्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या सुरुवातीला त्यावरची बासरी वाजवली आणि यंत्र अमर झालं. बासरी वाजवली पॉल मॅकार्टनीने, पण बोटांनी पट्ट्या दाबून. फुंकणारा दुसराच कुणीतरी, कधीचाच पैसे घेऊन घरी गेलेला. इंग्लंडातल्या वादकांच्या संघटनेच्या पोटात त्या काळी गोळा आला होता, की अशी यंत्रं आली तर आम्हाला बोलावणार कोण? लोक त्यांना हसले. आठ सेकंदांत कुणाची नोकरी जाते होय?

मग खरं संगणकाचं पर्व आलं, ते भलत्याच टोकाहून, ऑस्ट्रेलियातून. सिडनीमध्ये पीटर व्होगेल आणि किम रायरी ह्या दोघा तरुणांना निव्वळ गणिताने पियानोचा आवाज बनवायचा होता. खूप खटपट केली, पियानो काही येईना. शेवटी व्होगेलने कंटाळून रेडिओवर चाललेल्या पियानोचा सेकंदभराचा तुकडा यंत्रात टिपला आणि तो पट्ट्यांवर वरखाली वाजवून पाहिला. आला की पियानो! एवढं गणित फुकट गेलं, आणि रेडिओतलं एक शीत कामाला आलं. व्होगेलला ही जरा लबाडीच वाटली, पण १९७९मध्ये फेअरलाइट नावाने जे यंत्र बाजारात आलं त्याचं खरं आकर्षण ही लबाडीच ठरली. नाव सिडनीच्या बंदरात चालणाऱ्या एका प्रवासी बोटीचं. किंमत इंग्लंडात अठरा हजार पौंडांच्या घरात. गाण्याच्या यंत्रासाठी एवढे पैसे मोजणारा माणूस घरी काय सांगत असेल?

यंत्राबरोबर आवाजांच्या तबकड्याही मिळत. त्यातला एक आवाज फार गाजला: सगळा वाद्यवृंद एकदम ‘झ्यांग्’ करून थांबतो तो. हे ‘झ्यांग्’ व्होगेलने स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘फायरबर्ड’ ह्या १९१०च्या नृत्यनाट्याच्या ध्वनिमुद्रिकेतून उचललेलं. १९८२ साली न्यूयॉर्कच्या ‘प्लॅनेट रॉक’ ह्या गाण्यात ते वाजलं, आणि पुढची कित्येक वर्षं नाचाच्या गाण्यांत जिथेतिथे वाजत राहिलं. पूर्वी असा दणका उडवायला पन्नास-साठ माणसं कोट घालून बसवावी लागत. आता एक बोट.

पहिल्या मार्गाचं हे असं चाललेलं असताना दुसऱ्या मार्गावर, म्हणजे गणितातून आवाज काढणाऱ्यांकडेही एक गंमत झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग ह्या संगीतकाराला १९६७ साली सूर थरथरवताना एक युक्ती सापडली. एका लाटेने दुसरीला फार वेगाने थरथरवलं, की थरथर ऐकू यायची थांबते आणि निराळाच आवाज जन्माला येतो. कधी घंटा, कधी पितळी वाद्य. अमेरिकन ऑर्गनवाल्यांना ती कळली नाही, जपानच्या यामाहाला कळली. १९८३मध्ये त्यातून डीएक्स-७ हे यंत्र निघालं, दीड लाखाच्या वर खपलं, आणि विद्यापीठाला त्या पेटंटचे दोन कोटी डॉलरहून जास्त मिळाले. गाण्याच्या विषयात विद्यापीठाने पैसा कमावल्याचं हे उदाहरण मी आमच्या एका प्राध्यापक मित्राला सांगितलं, तर तो दोन दिवस जेवला नाही.

पण ह्या यंत्रावर स्वतःचा आवाज तयार करणं म्हणजे इन्कमटॅक्सचा फॉर्म भरणं होतं. खुंट्याच नाहीत; सगळी बटणं आणि एक एवढीशी खिडकी. त्यामुळे लोकांनी आतले तयार आवाजच वाजवले. दुरुस्तीला आलेल्या दहांपैकी नऊ यंत्रांत कारखान्याचेच आवाज शाबूत असायचे, असं सांगतात. ते आवाज बसवणारी डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी लॉइनबर्गर ही दोन माणसं. ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या प्रेमगीतांत जो काचेरी पियानो किणकिणतो, तो त्या कारखान्यातला. लोक आळशी आहेत हे दिसलं की धंदा सुरू होतो. अमेरिकेत बो टॉमलिनने ‘की क्लिक’ ही कंपनी काढून डीएक्स-७साठी तयार आवाज विकायला सुरुवात केली. पापड-कुरडया घरी करायचा कंटाळा आला की विकतच्या आणायच्या, तसंच हे. आमच्या भाच्याचा व्यवसाय म्हणजे ह्याचाच विस्तार.

मुंबईही ह्यात मागे नव्हती. हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर रुजवणाऱ्यांत केर्सी लॉर्ड हे पारशी गृहस्थ आघाडीवर. आणि चरणजित सिंग ह्या मुंबईच्या स्टुडिओ-वादकाने १९८२ साली जपानच्या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून त्यांची तबकडी काढली. ती कुणी विचारली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातल्या लोकांनी डोक्याला हात लावला, की जे नृत्यसंगीत पाच वर्षांनी जन्मलं ते ह्या माणसाने मुंबईत आधीच करून ठेवलंय! त्यातल्या दोन यंत्रांची संगणकी नक्कल १९९७ साली ‘रीबर्थ’ नावाने स्वीडनहून आली. त्याच सुमाराला बर्लिन-हँबुर्गच्या मंडळींनीही अशा सावल्या पाडायला सुरुवात केली, आणि कपाटाएवढी यंत्रं भाच्याच्या मांडीवर येऊन बसली. बंगळूरला तर १९७९ सालीच जी. राज नारायण ह्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला होता. गवयाच्या मागे बसून चार तारा छेडत, मधूनच पेंगत गाणं शिकणारा शिष्य त्या डब्याने हद्दपार केला. त्या शिष्यांची संघटना नव्हती, म्हणून ओरड झाली नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो.

१९६९ साली अमेरिकेत ‘द विन्स्टन्स’ नावाच्या एका चमूने तबकडी काढली. पहिल्या बाजूचं गाणं गाजलं, दहा लाखांवर खपलं, त्याला ग्रॅमी मिळालं. मागची बाजू भरायची म्हणून त्यांनी ‘आमेन, ब्रदर’ नावाची एक नुसत्या वाद्यांची चीज वाजवून टाकली. तिच्या मध्यावर बाकीचे सगळे थांबतात आणि ढोलवादक ग्रेगरी कोलमन एकटाच चार आवर्तनं वाजवतो. सहा-सात सेकंद. मग पुन्हा सगळे सुरू. एवढंच.

ते सहा-सात सेकंद १९८६ साली, थांब्यावरचे असे तुकडे एकत्र करणाऱ्या एका तबकडीवर आले, आणि मग फुटलेच. अमेरिकेतले रॅपवाले, इंग्लंडातले जंगल नावाच्या नृत्यसंगीताचे उस्ताद, जाहिरातवाले, कार्टूनवाले, सगळ्यांनी कोलमनची ती चार आवर्तनं चिरली, उलटीसुलटी केली, दुप्पट वेगाने पळवली. ती हजारो गाण्यांत आहेत. जंगल संगीताचा तर डोलाराच त्यावर उभा. विन्स्टन्सचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर ह्याला हे कळलं १९९६मध्ये, तेही कुणीतरी मूळ टेप विकत मागायला फोन केला म्हणून. तोवर दाव्याची मुदत टळलेली. २०१५ साली इंग्लंडातल्या दोघा डीजेंनी वर्गणी काढून त्याला चोवीस हजार पौंड दिले. कोलमन तेव्हा नव्हता. तो २००६ साली अटलांटात वारला. अंगावर छप्पर नव्हतं आणि खिशात पैसा नव्हता. आपण काय वाजवून ठेवलंय हे त्याला कधी कळलं असेल असं स्पेन्सरला वाटत नव्हतं.

हे मी वाचलं त्या रात्री मला काही सुचेना. भाताची पातेलीच्या पातेली उठली, जेवणावळी झाल्या, ढेकरा दिल्या गेल्या. आणि ज्याच्या ताटातलं शीत, तो उपाशी.

अर्थात कायदा झोपला नव्हता. १९९१च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी बिझ मार्की ह्या रॅपवाल्याविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना घेतला होता. निकालपत्राची सुरुवातच बायबलातल्या ‘चोरी करू नकोस’ ह्या आज्ञेने, आणि शेवट फौजदारी खटल्याचा विचार व्हावा ह्या शिफारशीने. त्या दिवसापासून तुकडा उचलणं महाग पडू लागलं. जर्मनीत तर ह्याहून कहर झाला. क्राफ्टवर्क ह्या चमूच्या १९७७च्या एका रचनेतले ठेक्याचे दोन सेकंद १९९७ साली एका गाण्यात वापरले गेले. खटला उभा राहिला. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयातून घटनापीठाकडे, तिथून युरोपच्या न्यायालयाकडे गेला. तिथे २०१९मध्ये निकाल लागला आणि तरी संपला नाही. २०२३मध्ये नवे प्रश्न घेऊन पुन्हा युरोपात. दोन सेकंदांसाठी पाव शतक! आपल्याकडे बांधावरून भावाभावांत दावे चालतात त्यांना आपण उगाच नावं ठेवतो. तिथे निदान बांध दिसतो तरी.

ह्या कोर्टबाजीच्या भीतीतूनच ‘अस्सल’ आवाजांच्या पाकिटांना बरकत आली. आधी सीडीवर, मग घरबसल्या. आमचे आवाज वापरा, गाणं कितीही खपू द्या, आम्ही पुन्हा पैसे मागणार नाही. फक्त आमचा आवाज जसाच्या तसा आवाज म्हणून दुसऱ्याला विकू नका. ह्या करारावर आज मोठमोठी गाणी उभी आहेत. २००७ साली जगभर वाजलेल्या रिहानाच्या ‘अम्ब्रेला’तला ठेका हा ॲपल कंपनीच्या गॅरेजबँडबरोबर येणारा तयार ठेका आहे, तुमच्या-माझ्या पुतण्याच्या संगणकातही तो असू शकतो. लिल नॅस एक्सने तीस डॉलर देऊन विकत घेतलेल्या तयार चालीवर ‘ओल्ड टाउन रोड’ केलं. २०१९मध्ये ते अमेरिकेत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. चाल बनवणारा हॉलंडमधला एक पोरगा. आणि त्या चालीतलं बॅंजोसारखं वाद्य? ते नाइन इंच नेल्स ह्या तिसऱ्याच चमूच्या २००८च्या मुद्रणातलं! शेवटी त्यांचीही नावं श्रेयात घातली. शितात शीत, त्यातही शीत.

मी भाच्याला विचारलं, “अस्सल म्हणजे काय रे तुमच्यात?” तो जरा घुटमळला. म्हणाला, “मामा, गणितातून काढलेला आवाज असेल तर सोपं आहे. खुंट्या मी फिरवल्या, आवाज माझा. पण काही सॉफ्टवेअरच्या आत दुसऱ्याने टिपलेलेच आवाज असतात. तिथे कितीही खुंट्या फिरवा, त्याचं पाकीट करून विकायला बहुतेक कंपन्यांची बंदी. आणि माणसाने वाजवलेला असेल तर…”

“तर?”

“तर सही लागते.”

म्हणजे ह्या धंद्यात अस्सल हा शब्द गाण्याच्या कोशातला नाही, वकिलाच्या कोशातला आहे. वाजवणाऱ्याला एकदा पैसे दिले आणि कागद झाला, की आवाज अस्सल.

तशी एक सही मी पाहिली. भाच्याला ढोलकीचं पाकीट करायचं होतं. नारायणगावाकडचे एक ढोलकीवाले काका आले. साठीचे, पांढरा शर्ट, टोपी, बोटांची पेरं लाकडासारखी. उभी हयात फडावर गेलेली. गोधड्यांच्या खोलीत बसले, कड्या सरकवून दोरी ताणली, सूर लावला आणि सवयीने एक तुकडा असा वाजवला, की मला बाहेरच्या खोलीत उठून उभं राहावंसं वाटलं. भाचा म्हणाला, “वा काका! पण असं नको. एकेक थाप सुटी द्या. आधी अगदी हळू, मग थोडी जोरात, मग आणखी जोरात. आणि प्रत्येक आठ वेळा.”

ह्याला कारण आहे. पट्टी हळू दाबली की हळू थाप वाजली पाहिजे, म्हणून निरनिराळ्या जोराच्या थापा लागतात. आणि तीच ती एक थाप पुन्हा पुन्हा वाजली की कानाला मशीनगन वाटते. माणसाच्या दोन थापा कधी हुबेहूब सारख्या नसतात, म्हणून आठ-आठ. काकांनी चाटीवरच्या दिल्या, मग धुमाच्या, मग घुमारा. तासाभराने ढोलकी खाली ठेवून म्हणाले, “दादा, ह्याला वाजवणं नाय म्हणत. ह्याला दार ठोठावणं म्हणतात.”

चहा झाला. भाच्याने कागद पुढे केला. तो त्याने कुठल्याशा परदेशी नमुन्यावरून मराठीत केला होता. सर्व हक्क, कायमचे, जगभर, आणि ‘विश्वात इतरत्र कुठेही’. मंगळावर लावणी उभी राहिली तरी काकांचा दावा नाही! शिवाय त्याने दोन रकाने ठेवले होते: एकरकमी पैसे, किंवा थोडे आता आणि पुढे पाकिटामागे हिस्सा. कोलमनची गोष्ट मीच त्याच्या डोक्यात घातली होती, त्यामुळे मी म्हटलं, “काका, हिस्सा घ्या. पुढे खपलं तर बरं पडेल.”

काका हसले. “पुढचं कुणी बघितलं साहेब? आमच्याकडं सुपारीचे पैसे त्या दिवशी मिळाले ते मिळाले. रोख द्या.” मग जरा थांबून, “पोरीच्या नर्सिंगची फी भरायची हाय सोमवारी.”

माझी सगळी विद्वत्ता तिथे संपली.

त्यांनी कागद अक्षर अक्षर लावून वाचला. दोनदा. मग म्हणाले, “दादा, एक इचारू का? माझा पोरगा ऑक्टोपॅड वाजवतो. बेंजो पार्टीत जातो, हळदीला, मिरवणुकीला. त्याच्यात ढोलकी हाय, पण ती पत्र्यावानी वाजते. हे तुम्ही घेतलेलं त्याला एका पेनड्राइव्हवर द्याल? म्हंजे आपली थाप राहील त्याच्याकडं.”

भाचा ‘हो’ म्हणायला गेला आणि थबकला. कागद उलटा करून आपणच लिहिलेलं कलम वाचू लागला. कलमाप्रमाणे ते आवाज काकांनाही विकत घ्यावे लागणार होते! गोधड्यांच्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा खरी शांतता झाली. मग त्याने पेन घेतलं, खाली समासात दोन ओळी लिहिल्या: सदर आवाज वादक व त्यांचे कुटुंबीय विनामूल्य व कायम वापरू शकतील. सही केली, तारीख घातली. काकांनी त्या दोन ओळीही वाचल्या, ‘कुटुंबीय’वर बोट ठेवून “म्हंजे नातूपण का?” म्हणून विचारून घेतलं, आणि मग ठळक अक्षरात, मान तिरकी करून, सावकाश सही केली.

पैसे मोजून आतल्या खिशात घातले, टोपी सारखी केली आणि ढोलकी पुन्हा मांडीवर ओढली.

“चला दादा. चाटीची जोराची राहिलीय ना? लावा तुमचं मशीन. ठोठावतो.”